आबा लाल निघाले

"आबा, ही तीन झाडं जाणार," असं म्हणून दिपमालाने हातातला टॅब झुलाल आबांपुढे धरला.

आबांनी आधी टॅबकडे पाहिलं, मग बागेकडे. धरणगाव तालुक्यात, नजर पोहोचेल तिथवर कपाशी, आणि त्या कपाशीच्या मधोमध आबांची दोन एकर ऑलिव्हची बाग. पाच वर्षांपूर्वी राजस्थानात शेतीचं प्रदर्शन बघायला गेलेले आबा येताना ही रोपं घेऊन आले आणि तेव्हापासून गावाची चांगली करमणूक चालली होती. पाच वर्षांत फळ म्हणून लागलं नाही. यंदा मात्र फांद्यांवर कळ्या आल्या होत्या आणि आबा रोज सकाळी एकेका कळीची विचारपूस करून यायचे. पहिलं फळ हातात घ्यायचं, मग खुशाल डोळे मिटायचे, एवढीच त्यांची इच्छा होती.

"कोणती तीन? ती?" आबा हसले. "पोरी, पोपटना मायक हिरवंगार शे बठ्ठं!"

"डोळ्याला हिरवी दिसताहेत. कॅमेऱ्याला नाही." दिपमाला जळगावच्या एका कंपनीत होती. शेतावर ड्रोन उडवायचा आणि झाडांची तब्येत बघायची, हे तिचं काम. "निरोगी पान एक प्रकाश परत फेकतं, तो आपल्याला दिसत नाही. आजारी पान तो फेकत नाही. कॅमेरा तेवढंच बघतो. ठणठणीत असेल ते फोटोत हिरवं येतं, संपत आलेलं लाल. माती आम्ही फोटोतून पुसून टाकतो. यांची मुळं कुजली असणार."

आठव्या दिवशी ती तीन झाडं वाळली. पानं अशी गळाली की वाऱ्याचंही निमित्त लागलं नाही. दुसऱ्या खेपेला फोटोत दोन झाडं लाल आली. डोळ्याला हिरवीगार, कळ्यांनी भरलेली. आबा आठ दिवस त्यांच्याशेजारी बसून राहिले, खत घातलं, पाणी तोडलं, हात जोडले. आठव्या दिवशी सकाळी ती दोन्हीही गेली.

मग मात्र गाव हसायचं थांबलं. ड्रोनची घरघर ऐकू आली की बाया पोरांना ओढून घरात घ्यायच्या. पारावर बसणारी मंडळी ऊन नसताना छत्र्या उघडून बसू लागली. वरून कोणीतरी आपल्याकडे बघतंय, आणि त्याला आपल्यातलं काहीतरी आपल्याआधी कळतंय, ही गोष्ट काही बरी नव्हे, असं सगळ्यांचंच मत पडलं.

तिसऱ्या खेपेचा फोटो दिपमालाने व्हॉट्सॲपवर पाठवला. "एकही झाड लाल नाही, अभिनंदन आबा!" असा खाली मजकूर होता. आबा खूश झाले. दोन बोटांनी फोटो मोठा करून ते एकेक रांग बघत चालले आणि सातव्या रांगेशी थबकले. तिथे दोन झाडांच्या मध्ये एक माणूस उभा होता. डोळ्यांवर हात धरून वर बघत होता. ते स्वतः आबाच होते, त्या सकाळी ते तसेच उभे होते.

आबा लाल होते. पायांपासून टोपीपर्यंत.

आबांनी फोन खाटेवर पालथा घातला. जरा वेळाने सरळ करून पुन्हा बघितलं. मग त्यांनी बालमित्र जीवरामला हाक मारून बोलावून घेतलं आणि फोन त्याच्या हातात दिला.

जीवरामने चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं. "झुलाल, तू बठ्ठा लाल शे रे भो!" असं म्हणत तो खाटेवर थोडा पलीकडे सरकला.

"दूर कसाले सरकी ऱ्हायना?"

"दूर नही रे. ऊन लागस." ऊन पलीकडच्याच बाजूला होतं.

"दिपमालाले फोन लावू का?" जीवरामनेच विचारलं.

"नको," आबा म्हणाले. "इचारं आन ती 'हा' म्हननी तर?"

त्यांना खरोखरच भीती वाटत होती. पाच लाल झाडांपैकी एकही नवव्या दिवशी जिवंत नव्हतं, हा हिशेब काही चुकत नव्हता.

जीवरामच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे गावाला ठाऊक होतं. संध्याकाळपर्यंत आबांच्या अंगणात माणसं येऊन बसू लागली. नुसते आबांकडे बघत. ज्यांनी पाच वर्षं टिंगल केली होती ते "आबा, बाग मातर झकास केली हां तुम्ही" असं गोड गोड बोलू लागले. या गोडव्याने आबांचा उरलासुरला धीर सुटला.

तिसऱ्या दिवशी आबांनी बायकोला, झुंबरबाईला घेऊन धरणगावची नोंदणी कचेरी गाठली आणि बागेचं बक्षीसपत्र तिच्या नावाने करून टाकलं. जमीन, विहीर, बांध, बागेतली सगळी झाडं, सगळं. बाहेर आल्यावर म्हणाले, "कुंदननी माय, बाग तुना नावनी करी दिधी. मी गयावर तोडजो नको."

झुंबरबाईने पदर तोंडाला लावला. तिचा हिशेब वेगळाच चालला होता. पाच वर्षं हा माणूस त्या परक्या झाडांत उठतो-बसतो, त्यांच्यासारखाच लाल येतो, म्हणजे ही झाडंच त्याला आपल्या सोबत नेताहेत. ती उपटली तर त्यांची पकड सुटेल. मालकीण आता तीच होती. तिने कोणाला न विचारता जेसीबी सांगून ठेवलं, ते मिळालं आठव्या दिवसाचं.

आठव्या दिवशी आबांनी आंघोळ केली, धुतलेलं धोतर नेसलं आणि बागेच्या कडेला खाट टाकून आडवे झाले. दीपनगरहून मुलगा कुंदन रजा काढून आला होता, तो पायाशी बसला. जीवराम घड्याळ घेऊन उशाशी. पंधरा-वीस माणसं अंतर राखून उभी. बांधावर जेसीबी येऊन घरघरत थांबलं, तेव्हा आबा ताडकन उठून बसले.

"हाई काय शे?"

"बाग काढनी शे," झुंबरबाई म्हणाली. ती रडत होती. "मना माणूसले ह्या झाडस्नी खादं. एक बी ठेवाव नही!"

तेवढ्यात ड्रोनची पेटी घेऊन दिपमाला आली. माणसं, खाट, जेसीबी, रडणं. तिला काही उमगेना. "काय झालं? कोण गेलं?"

"अजून गया नही," जीवरामने घड्याळात बघून सांगितलं.

"पोरी, मी लाल निंघनू," आबा म्हणाले आणि त्यांनी फोन पुढे केला.

दिपमालाने फोटो पाहिला आणि खाटेच्या काठावर बसून पोट धरून हसली. "अहो आबा! माणूस नेहमी लालच येतो. हिरवं येतं ते फक्त जिवंत पान. बैल लाल, विहिरीची मोटर लाल, मीसुद्धा लाल! तुमच्या अंगाला काय पानं फुटलीत?"

आबांचे खांदे हलू लागले. ते ढसाढसा रडले आणि रडतारडताच हसले. "माले माहीत व्हतं," असं जीवरामने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. फक्त झुंबरबाई जेसीबीपुढून हलेना. "बोलनं सोपं शे. दखाड माले."

"दाखवते ना!" दिपमालाने ड्रोन वर सोडला. या वेळी कोणी पळालं नाही. सगळे माना वर करून उभे राहिले. ड्रोन खाटेवर घिरटी घालून खाली उतरला, दिपमालाने टॅब उघडला आणि बायामाणसांनी तिच्याभोवती गर्दी केली.

"हे बघा. कुंदनभाऊ लाल. जीवराम नाना लाल. मावशी, तुम्ही लाल. हा जेसीबीवाला. ही मी. आणि खाटेवर हे आप..."

ती थांबली. टॅब पुसला. "कॅमेऱ्याला काहीतरी झालंय," असं पुटपुटत तिने ड्रोन पुन्हा वर सोडला. मग तिसऱ्यांदा. तिसरा फोटो बघितल्यावर तिने टॅब सगळ्यांपुढे धरला.

वीस माणसं लाल होती. खाटेवर आबा हिरवे होते. पायांपासून टोपीपर्यंत, मागच्या रांगेतल्या झाडांइतकेच हिरवे.

आबांनी हात उलटेपालटे करून पाहिले. हात रोजचेच होते. वारा पडला होता, तरी मागच्या झाडांची पानं बारीक सळसळत होती. गर्दी सावकाश, एकेक पाऊल मागे सरकली.

झुंबरबाईने मात्र फोटो डोळे भरून पाहिला. डोळे पुसले. मग ती जेसीबीवाल्याकडे वळली. "माघारी लई जाय ते मशीन. आठे एक बी मुळीले हात लावानं नही!"

जेसीबी गेलं. तिने विहिरीवरून बादली भरून आणली, खाटेशी टेकवली आणि आबांचे पाय धरून खाली जमिनीवर ठेवले.

"कुंदननी माय, माले भूक लागनी," आबा बारीक आवाजात म्हणाले. "भाकर देशी का?"

तिने ऐकलं न ऐकल्यासारखं करून त्यांच्या पायांवर बेताबेताने पाणी सोडलं आणि मान वर करून विचारलं, "दिपमाला बेटी, याले खत कोनतं टाकतस व?"