पुनर्तपासणीचा अर्ज

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी पांढुर्ण्याच्या देवीदासच्या संत्रा रोपवाटिकेची वेबसाइट बंद पडली. त्या वेळी सौसरला दिलीपभाऊ परीक्षा देत होते.

बारा वर्षं ते लोकांना वेबसाइटची नावं, म्हणजे इंटरनेटवरचे पत्ते, विकत आले होते. आता नावं नोंदवणाऱ्या कंपनीचा नवा नियम आला. सगळ्या विक्रेत्यांचं रजिस्टर एकच. परीक्षा पास झाल्याशिवाय त्यात कोणी हात घालायचा नाही. जुन्या विक्रेत्यांना मुदत या सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत.

"आता माही परीक्षा घेऊन राहिले?"

"आधी सूचना वाचा," बायको उषा म्हणाली. ती शाळेत शिक्षिका.

"सूचना नवख्याइले असतात."

परीक्षेत सरावाच्या रजिस्टरातून एक नाव हटवायचं होतं. दिलीपभाऊंनी सवयीनं रोजचं, खरं रजिस्टर उघडलं. सरावच तर आहे म्हणून देवीदासचं नाव हटवलं. उत्तर आलं : 'नाव हटवलेलं नाही. पुन्हा प्रयत्न करा.'

"खोटं बोलून राहिलं हे!" म्हणत त्यांनी रामाकोन्याचं मंगल कार्यालय हटवलं. तेच उत्तर. मग लोधीखेड्याची शिकवणी. तिसऱ्यांदा : 'नापास.'

त्यांनी कंपनीला फोन लावला.

"सर, एकही नाव हटलेलं दिसत नाही," तिकडून मृणाल नावाची मुलगी म्हणाली.

"एक नाही मॅडम, तीन हटवले! बायको साक्षीले हाय."

"मले नका ओढू त्यात," उषा म्हणाली.

मृणालनं तपासलं. "सर, तुम्ही सरावाऐवजी खऱ्या रजिस्टरातली नावं हटवलीत. तीस दिवसांत परत आणता येतील, पण तो अधिकार पास झालेल्यालाच. पुढची परीक्षा सात दिवसांनी."

दुपारी देवीदास मोटारसायकलवरून दारात.

"रोपाइचं बुकिंग सुरू हाय, न् तुम्ही माही साइटच गायब केली बाप्पा?"

"मी नाही, परीक्षेनं केली."

"मंग पास व्हा ना जी! मी हालत नाही इथून."

उषानं सूचनांचे कागद नवऱ्यापुढे सरकवले. दिलीपभाऊंनी ते उलटे केले आणि कोऱ्या बाजूवर अर्ज लिहायला घेतला : प्रश्न नाव हटवण्याचा होता. एकाऐवजी तीन नावं हटवली आहेत. तरी पूर्ण गुण देऊन पास करावे.

"साक्षीदार?" त्यांनी विचारलं.

देवीदासनं क्षणभर विचार केला. "आना इकडे," म्हणाला आणि 'माझी साइट खरोखर बंद आहे' असं लिहून त्यानं ठसठशीत सही ठोकली.

चार पंचावन्नला अर्ज गेला. पाचला दिलीपभाऊंचा रजिस्टरातला प्रवेश बंद झाला. मंगळवारी दुपारपर्यंत कंपनीचं उत्तर आलेलं नाही.