एवूबाईंच्या डाव्या हाताची हकीकत

पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावे कपाळ, छाती आणि दोन्ही खांदे शिवून, आनामायेस आणि जोकीमबाबांस मुजरा करून ही हकीकत लिहावयास घेतली असे. प्रसंगाचा काळ शके एकोणीसशे एकोणचाळीस, हेमलंबी नाम संवत्सरे, श्रावण शुद्ध तृतीया, इसवी सन दोन हजार सतरा, महिना जुलै, रोज बुधवार. बुधवारविषयीं दोन मते आहेत. आम्ही त्या दिवशीच्या माता गांठून विचारपूस केली, तो जितक्या माता त्याहून अधिक हकीकती निघाल्या. सबब वाचणाराने जेथे घोटाळा दिसेल तेथे तो आमचा न समजतां प्रसंगाचाच समजावा.

खाडीच्या कांठी, केळीच्या आणि मोगऱ्याच्या वाड्यांमध्ये एक राज्य आहे. राज्य म्हणजे प्राथमिक शाळा: चार वर्ग, एक घंटा, आणि दगडांची गुहा रचून केलेला देव्हारा, ज्यास तेथील लोक ग्रोटो म्हणतात. राज्याच्या अधिपती सिस्टर बेनेडिक्टा, देहाने लहान, आवाजाने थोर. उभ्या राहिल्या तर लेकराच्या छत्रीखाली मावाव्या आणि बोलल्या तर पलीकडच्या वाडीतली कुत्री उठून बसावी. राज्याचे सरदार म्हणजे पालकमंडळ, आणि त्या फौजेच्या सेनापती फिलोमिनाबाई, ज्यांचे चिरंजीव डेन्झील त्या साली पहिलीत होते. शाळा ख्रिस्ती, परंतु सरदार सर्व जातीधर्मांचे, आणि सणाचे दिवशी कोण कोणत्या धर्माचा हे घामाने डबडबलेल्या तोंडांवरून ओळखू येत नसे.

ग्रोटोमध्ये मरियामातेचे आईबाप उभे आहेत. एके बाजूस आनामाय, एके बाजूस जोकीमबाबा, आणि मध्ये चिमुकली मरिया दोघांचे हात धरून. म्हणून राज्याची चाल ऐशी पडली कीं, या दोघांच्या सणास पहिलीच्या लेकरांनी फाटकापासून ग्रोटोपर्यंत उजवा हात बापाच्या आणि डावा हात आईच्या हाती देऊन चालत यावे, मग आईबापांनी हात सोडावे, आणि लेकराने दोन पायऱ्या एकट्याने चढाव्या. तेथून ते शाळेचे जाहले. ही चाल कोणी घातली हे ठाऊक नाही, परंतु मोडण्याची छाती कोणाची नाही.

त्या साली पहिलीत एव्हलिन नामे कन्या होती, लाडाने एवूबाई. बाप अंतोन, फुलांचा टेम्पो हाकणारा, बोलण्यास गरीब. आई सेलीन, नर्स, ती शाळा भरण्यापूर्वीच आखाती मुलखी चाकरीस गेली होती, आणि कळ्या गुंफणाऱ्या बायका त्या घरावरून जातां हळू म्हणत:

खाडीच्या पल्याड, दिव्यांची गं रांग,
कोणत्या दिव्याला सांग, माय माझी.

सण जवळ आला तेव्हा सेलीनबाईंनी फोनवरून कळविले कीं, "मी वॉर्डातून घटकाभर सुटी मागितलीय. एवूला चालताना बघायचंय. तेवढं दाखवा." अंतोन म्हणाला, "बरं." आणि मग एवूबाईंनी चटणीपोळी खातां खातां जाहीर केले कीं, "मी नाही चालणार." बाप म्हणाला, "का गं?" तर म्हणे, "एक हात रिकामा राहील. सगळे बघतील." बापाने पुष्कळ विचार करून म्हटले, "दुसऱ्या कोणाच्या मम्मीनं धरला तर?" तेव्हा एवूबाई बोलल्या, "दुसऱ्या मम्मीचा हात दुसऱ्या पोराचा असतो, पप्पा." शेवटी तह ऐसा जाहला कीं, कन्येने फाटकापर्यंत यावे, पुढे पाऊल टाकू नये. इकडे तह, तिकडे सेलीनबाईंस दिलेले वचन. अंतोनाची झोप उडाली, आणि टेम्पो दोन वेळां भलत्याच वाडीत शिरला.

सणाआधीच्या रविवारी देवळात फादर इलियास यांनी प्रवचन केले कीं, परोपकार करावा तो गुपचूप. उजवा हात देतो ते डाव्यास कळू नये. प्रवचन फार उत्तम जाहले, आणि सर्व अनर्थ तेथून उपजला. कारण सोमवारी सकाळी फिलोमिनाबाई टेम्पोपाशी आल्या आणि इकडे तिकडे पाहून बोलल्या, "अंतोन, बुधवारी एवूचा हात मी धरते. पण कोणाला बोलायचं नाय हां! फादर काय म्हणाले ऐकलंस ना?" अंतोन म्हणाला, "आणि तुमचा डेन्झील?" बाई म्हणाल्या, "त्याला त्याचा बाप आहे. एक दिवसानं पोरगा झिजत नाय." अंतोन म्हणाला, "बरं." त्या वळणाआड होतात न होतात तो शबानाबाई आल्या, म्हणाल्या, "अंतोनभाऊ, बच्चीचा हात मी पकडेन. माझी सना अब्बूबरोबर चालेल. पण चूप राहा. आमच्यातही गुपचूप केलेलंच खरं." मग वनिताबाई आल्या, आणि गुप्तदानासारखे पुण्य नाही म्हणून त्यांनी तेंच मागितले, आणि मग एवूबाईंची धर्ममाता, जिचा पाय मोडून प्लास्टरात होता, तिनेही निरोप धाडिला कीं खुर्चीवरून येईन पण कोणास सांगू नये. ऐशा किती आल्या यांत एकवाक्यता नाही. कोणी आठ म्हणतात, कोणी अकरा. अंतोनापाशी "बरं" हा एकच शब्द होता, तो त्याने सर्वांस सारखा वाटला. मनांत त्याने ऐसा हिशेब धरिला कीं, बोलणाऱ्या पुष्कळ, येणारी एखादी. आणि आली नाही तर कोणास दोष देण्याजोगेही उरणार नाही, कारण कोणास कांही ठाऊकच नाही.

मग सणाचा दिवस उजाडला. पावसाची भुरभूर लागलेली, मैदानांत चिखल, बँडवाल्यांच्या तुताऱ्यांत पाणी. शाळेने सर्व लेकरांस एकाच निळ्या रंगाचे टोपीवाले रेनकोट दिलेले, त्यामुळे फाटकापाशी पहिलीचा वर्ग नव्हे तर निळ्या कोंबड्यांची पिल्ले उभी आहेत ऐसा भास होई. सिस्टर बेनेडिक्टा यांच्या एका हाती भोंगा आणि एका हाती अंतोनाचा मोबाईल, कारण सेलीनबाईंस देखावा दाखविण्याची कामगिरी त्यांनी स्वतःकडे घेतली होती. परंतु यंत्र उलटे धरल्यामुळे सेलीनबाईंस बराच वेळ सिस्टरांचा कान तेवढा दिसला.

बँड वाजला, आणि फिलोमिनाबाईंनी डेन्झीलाचा हात सोडून एवूबाईंकडे कूच केले. त्याच क्षणीं शबानाबाईंनी सनेचा हात सोडिला, आणि वनिताबाईंनी आपल्या लेकराचा, आणि पुढे कोणी कोणाचा हें सांगवत नाही. मोठा गलबला जाहला. हात एक, आणि त्यावर मातांची चाल चहूंकडून. फिलोमिनाबाई म्हणाल्या, "अगो, तुम्ही सगळ्या इथं काय करताय?" शबानाबाई म्हणाल्या, "तुम्ही काय करताय?" "मी पालकमंडळाची अध्यक्ष आहे!" "अध्यक्षाचा हात काय जास्त मऊ असतो?" वनिताबाई म्हणाल्या, "अंतोनभाऊ मला आधी बरं म्हणालेत." "मला पण बरंच म्हणालेत!" मग सर्वांनी अंतोनाकडे पाहिले, आणि अंतोन जमिनीकडे पाहू लागला. इतक्यांत मागून खुर्चीवरची धर्ममाता ओरडली, "मला पुढे घ्या गं, माझा हक्क बाप्तिस्म्याचा आहे!" आणि तिची खुर्ची उचलणारे दोघे चिखलांत घसरून त्या हक्कासह बसले. फादर इलियास हे पाहून सिस्टरांस हळूच म्हणाले, "सिस्टर, माझ्या प्रवचनानं काय घोटाळा झाला काय?" सिस्टर म्हणाल्या, "फादर, पुढच्या रविवारी तुम्ही फक्त नोटिसा वाचा."

आणि हें चालले असतां दुसरा आकांत मागे उठला. ज्या ज्या माता कुमकेस धावल्या, त्यांची त्यांची लेकरे एकेका बापाच्या हाती लोंबत, डावा हात हवेत धरून रडू लागली. एका लेकरास आई नव्हती म्हणून इतक्यांस आई राहिली नाही. मातांच्या कानी तो आक्रोश पडला तेव्हा सर्व एकदम माघारी वळल्या. परंतु रेनकोट निळे, टोप्या निळ्या, रडे एकसारखे, आणि जीस जो हात सांपडला तो तिने धरिला. टोपी उचलून पाहतात तो, "अगो, हा माझा नाय!" "माझी सना कुठंय?" "ही घे, आणि माझं दे!" मुले मोठ्याने रडू लागली, बाप एकमेकांस विचारू लागले कीं चालायचे आहे की थांबायचे, आणि बँडने घाबरून लग्नातली चाल धरिली. तेव्हा सिस्टर बेनेडिक्टा गरजल्या कीं, "जी जिथं आहे तिथंच थांबा!" परंतु गर्दीत भोंगा कानाला लागला होता आणि मोबाईल तोंडाला, त्यामुळे हुकूम आखाती मुलखी गेला, आणि सेलीनबाई वॉर्डांत होत्या तेथेच खिळल्या. मग सिस्टर भोंग्यावांचून दुसऱ्यांदा गरजल्या, तेव्हा येथील माताही थांबल्या.

या धामधुमीत एवूबाई फाटकाच्या खांबाशी बापाचा हात धरून उभ्या होत्या, तहाप्रमाणे एक पाऊल पुढे नाही. त्यांच्या पुढ्यांतच डेन्झील चिखलांत बसलेला. त्याचा बाप रॉबर्ट उजव्या हातास धरून ओढी आणि म्हणे, "ऊठ रे, शहाणा ना तू?" आणि तो म्हणे, "हा हात कोण धरणार? हा रिकामाय!" एवूबाईंनी बराच वेळ पाहिले. मग म्हणाल्या, "ए डेन्झील, रडू नको. एक हात रिकामा असला तरी पडत नाय कोण. मी रोज येते ना तशी शाळेत." डेन्झीलाने नाक पुसून विचारिले, "मग तू का उभी? तू पण चाल ना." एवूबाईंनी बापाकडे पाहिले. बाप "बरं" सुद्धां म्हणाला नाही. मग त्यांनी आपला डावा हात पुढे केला आणि म्हणाल्या, "धर. पण घट्ट नको, घाम येतो."

आणि डेन्झील उठला. रॉबर्टाने बाजू बदलून त्याचा उजवा हात एवूबाईंस दिला आणि डावा आपण धरिला. अंतोन, एवूबाई, डेन्झील, रॉबर्ट ऐशी चौघांची रांग फाटकांतून आंत निघाली. ते पाहून सना आपल्या अब्बूस ओढत शेजारच्या रिकाम्या हाताकडे गेली, आणि दुसरे लेकरू तिसऱ्याकडे, आणि पाहतां पाहतां बाप बाजू बदलीत गेले आणि रिकामे हात एकमेकांस सांपडू लागले. माता दोहों बाजूंस उभ्या होत्या आणि आपल्या हातांचे काय करावे हे त्यांस कळेना. फिलोमिनाबाईंनी ते कमरेवर ठेविले, मग बांधिले, मग पदरांत घातले, आणि मग डोळ्यांस लाविले. शबानाबाई म्हणाल्या, "बघा, अध्यक्ष रडतात." त्या म्हणाल्या, "पाऊस आहे गं," आणि शबानाबाईंनी छत्री त्यांच्यावर धरिली.

ग्रोटोपाशी पोहोंचल्यावर बापांनी चालीप्रमाणे हात सोडिले. परंतु लेकरांनी एकमेकांचे सोडिले नाहीत, आणि दोन पायऱ्या अरुंद, त्यामुळे सर्व खेकड्यांसारखी आडवी होऊन वर चढली.

तेव्हा सिस्टरांस मोबाईलची आठवण जाहली. त्यांनी तो सरळ धरिला. तिकडून सेलीनबाईंचा आवाज आला, "सिस्टर, चालली ना ती? मला नीट दिसत नाही. तिचा हात कोणी धरलाय?" सिस्टर बेनेडिक्टा यांनी पायऱ्यांकडे पाहिले, आणि ज्या आवाजाने कुत्री उठून बसत तो आवाज इतका खाली आला कीं जवळ उभ्या मातांस कान द्यावे लागले. म्हणाल्या, "कोणी नाही गं. तिनंच धरलाय." मग त्यांनी मोबाईल पायऱ्यांकडे फिरविला. लेकरे उतरेपर्यंत हात खाली घेतला नाही.

येणेप्रमाणे त्या साली आनामायेचा सण सिद्धीस गेला. एका हातास कुमक करावयास गेलेल्या माता हरल्या, आणि हरल्या म्हणून काम फत्ते जाहले. पुढील सालापासून लेकरांनी आईबापांसवे चालावे की एकमेकांसवे, याजवर पालकमंडळांत खलबते चालू आहेत आणि निकाल नाही. त्या दिवशी कोणी कोणास चालविले, हें आम्ही मातांस, बापांस, फादरांस आणि खुद्द एवूबाईंस विचारिले. एवूबाई म्हणाल्या, "मला माहीत नाय, मी डेन्झीलला बघत होते." आम्हांसही समजले नाही. समजले नाही तैसेच लिहिले असे.