कमलअक्कांची चाळिसावी चिठ्ठी

सर्व संबंधितांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, धुळ्यातील देवपूर भागात, आमच्या कॉलनीच्या हद्दीत, 'सगळे' हा शब्द वापरण्यास तीन वर्षांपासून बंदी आहे. ही बंदी कलेक्टरांनी घातलेली नाही. कलेक्टरांची असती तर आम्ही पाळली नसती. ती आमच्या शेजारच्या कमलअक्कांनी घातली आहे.

तुम्ही सहज म्हणालात, "हल्ली सगळी पोरं मोबाइलमध्येच असतात," की कुंपणापलीकडून आवाज येतो, "सगळी म्हंजे किती, भाऊ? किती जणाले इचारलं?"

अक्का मूळच्या सावद्याच्या. केळीच्या बागांत वाढलेल्या. बारावी होताच लग्न झालं, धुळ्याला आल्या, संसार केला, मुलीला सुरतेला दिली, यजमान गेले. आणि चोपन्नाव्या वर्षी एका सकाळी त्यांनी कॉलेजात जाऊन बी.ए.ला नाव घातलं. विषय समाजशास्त्र आणि संख्याशास्त्र. खिडकीतल्या कारकुनानं विचारलं, "मुलगी कुठंय?"

अक्का म्हणाल्या, "सुरतले. नाव माझं लिव."

पहिल्या सहामाहीत त्या नमुना निवड शिकल्या आणि आमचं सुख संपलं. माझ्या पुतण्यासाठी मुलगी बघून आलो. मी ओसरीवर जाहीर केलं, "मुलगी सगळ्यांना पसंत आहे." एवढं पुरलं. अक्का वही घेऊन आल्या. "एकमेकाच्या तोंडाकडे पाहत सांगतलेलं उत्तर धरता येत नाही," म्हणाल्या, आणि एकेकाला स्वयंपाकघरात बोलावून विचारलं. शेवटी असं निघालं की नवरदेवाला कोणी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या वर्षी त्यांनी वर्गाचा रोष ओढवून घेतला. काही मुलांनी चहाच्या सवयींवरचे फॉर्म कँटीनमध्ये बसून स्वतःच भरले होते. अक्कांनी गठ्ठा चाळला आणि सरांसमोर ठेवला. "सर, ही माणसं खोटी हायेत."

"कशावरून?"

"सगळ्यांनी दिवसातून दोनदाच चहा पितो सांगतलंय. खान्देशात? आन् एकही माणूस उलटा बोलला नाही. खरा माणूस आधी पाणी इचारतो, मग तुमचं गाव इचारतो, मग आपल्या गुडघ्याचं सांगतो. उत्तर शेवटी."

त्या दिवशी अक्कांनी 'सगळ्यांनी' हा शब्द वापरला, कारण त्यांनी खरोखरच सगळे फॉर्म मोजले होते.

तिसऱ्या वर्षी प्रकल्प आला. विषय अक्कांनीच निवडला: आपल्या भागात संध्याकाळी कोण कोणासोबत जेवतं. चार दिवस उन्हात हिंडून त्यांनी प्रत्येक घराची यादी केली. घराघराची चिठ्ठी केली, स्टीलच्या डब्यात टाकली, आणि चाळीस चिठ्ठ्या काढायच्या दिवशी नारळ फोडला. पलीकडच्या आबांच्या डोळ्यांवर उपरणं बांधून त्यांच्या हातून चिठ्ठ्या काढवल्या. माझ्या बायकोनं, वैशालीनं, घड्या घालायला मदत केली होती. तिच्या घड्या जरा जाड दिसल्या म्हणून अक्कांनी साऱ्या चिठ्ठ्या उलगडून पुन्हा घातल्या. आबा तोवर उपरणं बांधून बसले होते. सोडायचं त्यांना कोणी सांगितलं नाही.

नियम असा, की चिठ्ठीत आलेलं घर ते घर. कुलूप असलं म्हणून शेजारच्याला विचारायचं नाही. एका घराला कुलूप होतं, माणसं लग्नाला चोपड्याला गेलेली. अक्का एसटीनं चोपड्याला गेल्या आणि मांडवात त्या बाईंना गाठून फॉर्म भरून आणला. बाईंनी त्यांना जेवायचा आग्रह केला. "मी मोजायले आली, जेवायले नाही," म्हणून अक्का परत आल्या.

आबांचंही घर चिठ्ठीत निघालं. आबा ऐटीत म्हणाले, "आम्ही बठ्ठा संगेच जेवतस. लिखी ले." अक्कांनी 'सगळे एकत्र जेवतात' असं लिहून घेतलं. आतून सून म्हणाली, "आबा साडेसातला जेवून झोपतात, आम्ही दहाला." अक्कांनी तेही लिहून घेतलं, आणि आबा आठ दिवस सुनेशी बोलले नाहीत.

एकोणचाळीस फॉर्म झाले. चाळिसावा होईना. अक्का हे काम उद्यावर ढकलत होत्या. दूध उतू जाण्याआधी गॅस बंद करणारी बाई, तिला असं ढकलताना मी कधी पाहिलं नव्हतं. प्रकल्प द्यायला एक दिवस राहिला, तेव्हा मी विचारलं. त्यांनी डब्यातून एक चिठ्ठी काढून माझ्या हातात दिली. त्यांच्याच घराचा नंबर होता. यादी करताना स्वतःचं घर वगळायचं त्या विसरल्या होत्या.

"मग दुसरी चिठ्ठी काढा ना," मी म्हणालो.

"सरही तेच म्हनले. पण मले नको ते घर मी वगळलं, तर ते कँटीनवाले पोरं काय वाईट व्हते?" मग म्हणाल्या, "स्वतःचा फॉर्म स्वतः भरता येत नाही. तू भर. संध्याकाळी ये."

जाण्यापूर्वी माझं प्रशिक्षण झालं. मान डोलवायची नाही. 'अरेरे' म्हणायचं नाही. उत्तर सुचवायचं नाही. फॉर्मवर नाही तो एकही शब्द बोलायचा नाही. मी शिक्षक आहे, पंचवीस वर्षं बोलून पगार घेतोय, तरी कबूल केलं.

साडेसातला मी बेल वाजवली. अक्कांनी दार उघडलं आणि मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"कोन पाहिजे?"

"अक्का, मीच."

"फॉर्मवर हाये का ते?"

मी शहाण्यासारखा फॉर्म वाचू लागलो. नाव विचारलं जाणार नाही, माहिती गुप्त राहील, मध्येच थांबायची मुभा आहे. अक्कांनी पाणी दिलं. माझं गाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांनी गुडघ्याचं सांगितलं.

घरात माणसं किती? एक. स्वयंपाक कोण करतं? "मीच. दुसरं कोन करील?" मी 'स्वतः' लिहिलं.

मग सहावा प्रश्न. शब्द त्यांचेच होते. "गेल्या सात दिवसांत संध्याकाळचं जेवण किती वेळा दुसऱ्या कोणासोबत बसून झालं?"

अक्कांनी बोटं काढली. सोमवारपासून सुरू केलं. अंगठा करंगळीवर ठेवला, तो तिथंच राहिला.

"पोरीचा फोन येतो जेवताना. समोर तांब्याले टेकवून ठेवते. तिचं ताट दिसतं त्यात. ते धरायचं का?"

मला बोलायची परवानगी नव्हती. मी प्रश्न पुन्हा वाचला. 'सोबत बसून' हे शब्द मी हळू वाचले, तरी ऐकू आलेच.

"मंग नाही धरता येत," त्या म्हणाल्या. "आन् त्याच्या आधीच्या हप्त्यात..." त्या थांबल्या. "नाही. सातच दिवस इचारले हायेत."

कोणाला कळणार होतं? फॉर्मवर नाव नव्हतं. दोन लिहिलं असतं, तीन लिहिलं असतं, तक्त्यात बेमालूम बसलं असतं. मी पेन हातात धरून वाट पाहत होतो आणि मनातून वाटत होतं, बाई, एकदा तरी खोटं बोला.

"शून्य," अक्का म्हणाल्या. "पेनानं लिव, भाऊ. पेन्सिलीनं नको."

मी लिहिलं. पुढचा प्रश्न मला वाचता येईना. चष्मा पुसण्याचं निमित्त करून मी मान वळवली, तर उघड्या दारात वैशाली उभी होती. नेहमीसारखी भरिताची वाटी द्यायला आली होती. किती वेळ उभी होती कोण जाणे. अक्का सवयीनं उठल्या आणि वाटी घ्यायला हात पुढे केला. वैशालीनं वाटी सोडली नाही.

"अगं बाई, अक्का," ती मोठ्यानं बोलून गेली, "तीन वर्षं मी ही वाटी दारातूनच देऊन जातेय!"