संगमरवरातलं अर्धं वाक्य

“महिन्याभरात गावाचा लेखक तुमच्यासमोर उभा करतो, साहेब! आणि लेखकसुद्धा असा, की कफ्र जुमैझवाले आपला कवी गोणपाटाखाली झाकून ठेवतील!”

उस्ताद वहीद सनबातींनी हे वाक्य नगरप्रमुख असीम बे यांच्या टेबलावर मूठ आपटून म्हटलं. मूठ आपटली तसा पेला कलंडला आणि गरम चहा असीम बेंच्या पँटवर गेला. शहाण्या माणसाने तिथेच माफी मागून विषय बदलला असता. पण वहीद पडले मिनयत जरवानच्या सांस्कृतिक भवनाचे संचालक! वर्षभर ते भवन लग्नांना द्यायचं आणि उरलेल्या दिवशी संस्कृतीची चिंता करायची, हे त्यांचं काम. चिंता करायला एवढा मोकळा वेळ मिळाला, की माणूस असलं काहीतरी बोलून जातोच.

झालं होतं असं, की शेजारच्या कफ्र जुमैझला अचानक एक कवी सापडला होता. मेलेला होता, पण त्यांचा होता! त्यांनी चौकात त्याचा अर्धपुतळा बसवला, कैरोहून टीव्हीवाले आले, आणि ज्या माणसाला हयातभर गावात कुणी उधार सिगारेट दिली नाही, त्याच्या नावाने मुलींची शाळा निघाली. हे बघून आमच्या गावाच्या पोटात दुखायला लागलं. मिनयत जरवानचं नाव इजिप्तभर आहे, नाही असं नाही. पण ते फसीखसाठी! मासा मिठात घालून पिंपात मुरवत ठेवायचा. इतका मुरवायचा, की शेवटी तो मासा राहत नाही, एक ठाम मत होऊन बसतो. वसंताच्या सणाला लांबलांबून लोक नाक दाबत येतात आणि पिशव्या भरभरून नेतात. आगगाडीतल्या झोपलेल्या प्रवाशांना आमचं स्टेशन आलं हे कुणी सांगावं लागत नाही.

“आपण काय जगाला फक्त वासच द्यायचा?” असीम बे पँट झटकत गरजले. ते निवृत्त ब्रिगेडियर. लेखकसुद्धा तोफेसारखा ओढून आणता येतो अशी त्यांची समजूत. “लेखक आणा, उस्ताद! नाहीतर भवनाला कुलूप, आणि तुमची बदली वाळवंटात. तिथे उंटांना व्याख्यानं द्या!”

वहीदनी मशिदीसमोर फळा लावला : ‘गावातील साहित्यिकांनी भवनात संपर्क साधावा.’ हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. दुसऱ्या दिवशी भवनाबाहेर ही रांग! ज्या गावात वाचनालयातल्या पुस्तकांची पानं अजून चिकटलेली होती, त्या गावात घरोघरी लेखक! गुरांच्या डॉक्टरांनी म्हशीच्या सडांच्या आजारावर पुस्तिका लिहिली होती आणि तिला ते कादंबरी म्हणत होते, कारण शेवटी म्हैस मरते. निवृत्त मुख्याध्यापक बदीअ मास्तर तर गावाच्या गटार योजनेवरचं महाकाव्य घेऊनच आले.

“पहिला सर्ग फक्त ऐका,” मास्तर म्हणाले, “पाइप अजून यायचेत.”

“मास्तर, पाइप आल्यावर ऐकू.”

“म्हणजे मी मेल्यावर!”

रांगेतल्या एकालाही दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं. वहीद घरी आले ते टकलाला ओला पंचा गुंडाळून.

“सलमाचे बाबा,” त्यांची बायको इन्शिराह मुलूखियाच्या भाजीची पानं खुडता खुडता म्हणाली, “गावात लिहिणारे सापडले. आता वाचणारा एखादा सापडला तर त्याचाच पुतळा उभारा.”

वहीदनी हे मनावर घेतलं नाही. बायकोचं बोलणं त्यांनी मनावर घेतलं असतं तर ही गोष्टच घडली नसती.

आणि मग नशीब उघडलं! एका मासिकात दौलत शबाना या बाईंची ओळख छापून आली होती. देशोदेशीची बक्षिसं मिळवलेली मोठी कादंबरीकार, वय सत्तरीपुढचं, आणि जन्मस्थळ : मिनयत जरवान! वहीद खुर्चीतून असे उडाले, की खुर्ची पुढचे दोन दिवस कुरकुरत होती. त्यांनी धडपडून बाईंचा नंबर मिळवला.

“दौलत हानम? मी तुमच्या जन्मगावाहून बोलतोय!”

“कुठून?”

“मिनयत जरवान!”

“अगंबाई, ते होय!” पलीकडून बाई हसल्या. “माझी आई मन्सूराहून माहेरी निघाली होती हो. गाडीत कळा सुरू झाल्या. स्टेशनमास्तरने उतरवून घेतलं. मी झाले आणि संध्याकाळच्या गाडीने आम्ही पुढे. तुमच्या गावात मी काय ती एक दुपार काढली, तीही रडण्यात!”

“मातीची ओढ, हानम! मातीची ओढ!”

“तसं असेल. बरं, तुमच्याकडे फसीख मिळतो ना? माझा मुलगा डॉक्टर आहे. घरात मीठसुद्धा कुलपात ठेवतो मेला. येते मी. पण त्याला कळता कामा नये!”

बाई येणार! असीम बेंनी तत्काळ हुकूम काढला : स्टेशनच्या चौकात संगमरवर बसवायचा आणि त्यावर बाईंनी गावाविषयी लिहिलेलं एखादं हृदयस्पर्शी वाक्य कोरायचं.

आता वाक्य शोधायचं म्हणजे वाचायचं आलं! बाईंच्या सगळ्या कादंबऱ्या मागवून वहीद वाचायला बसले. चष्मा नाकावर, नाक पुस्तकात, आणि थोड्याच वेळात घोरणं घरभर. गावाचं नाव काही येईना. कुठे अलेक्झांड्रिया, कुठे अस्वान, कुठे कैरोची गच्ची. अखेर एका कादंबरीत, एका विधवेच्या प्रवासात, ते आलं! पण कसं? ती विधवा म्हणत होती :

‘रस्त्यात मिनयत जरवान लागलं आणि माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. नवरा गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते, एवढा त्या गावाच्या हवेला खारवलेल्या माशाचा वास होता.’

वहीदची पाचावर धारण बसली. हे कोरायचं? स्टेशनसमोर? कफ्र जुमैझवाले सहली काढून बघायला येतील!

त्यांनी ते वाक्य पुन्हा वाचलं. मग मासा अंगठ्याने झाकून वाचलं. आणि त्यांचा चेहरा उजळला! ‘रडले नव्हते’च्या पुढे एक स्वल्पविराम होता. त्याचा त्यांनी पूर्णविराम केला. बस्स! पदरचा एक शब्द घातला नाही की बाईंचा एक शब्द बदलला नाही. साहित्यात एवढं चालतं.

असीम बेंनी ते वाचलं आणि ब्रिगेडियरच्या मिशीवर टपकन थेंब पडला. “नवरा गेला तेव्हाही नाही... आणि आपलं गाव बघून... उस्ताद, या बाईचा गावावर केवढा जीव!”

“शब्दच नाहीत, साहेब,” वहीद म्हणाले. आणि ते खरंच होतं. उरलेले शब्द त्यांनी गिळले होते.

पुढचे दिवस गाव वेडं झालं. बाई ज्या घरात जन्मल्या ती घरं एकदम तीन निघाली. तिन्हींवर पाट्या! एक घर तर गेल्याच वर्षी बांधलेलं. सगळ्यांवर ताण केली ती फसीखचे सर्वांत मोठे व्यापारी हाजी झगलूल यांनी.

“माझ्या आईने तिला पाजलंय! ती माझी दूधबहीण आहे!” त्यांनी कॉफीच्या दुकानात जाहीर केलं.

“हाजी, तुम्ही तिच्याहून लहान. तेव्हा तुमच्या आईचं लग्न तरी झालं होतं का?” कुणीतरी विचारलं.

“माझ्या आईच्या लग्नावर बोलतोस?” हाजींनी चप्पल काढली, आणि नातं सिद्ध झालं.

दौलत हानम उतरल्या त्या दिवशी स्टेशनवर बँड होता, शाळेतल्या पोरी होत्या, आणि बदीअ मास्तर सगळे सर्ग बगलेत मारून उभे होते. बाई बुटक्या, काठी टेकत चालणाऱ्या, डोळे मात्र मांजरीसारखे. गाडीतून उतरताच त्यांनी डोळे मिटून लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, “हां! हेच गाव!”

“ऐकलंत? मातीचा गंध ओळखला!” असीम बे गहिवरले.

मंडपात प्रत्येकजण बाईंना भेटून सांगत होता की मी तुमची सगळी पुस्तकं वाचलीत.

“कुठलं आवडलं?” बाईंनी गुरांच्या डॉक्टरांना विचारलं.

“ते... जाडं!”

“आणि तुम्हाला, ब्रिगेडियर?”

“सगळीच, हानम. विशेषतः शेवट. शेवटाला तुम्ही अगदी संपवता!”

वहीदना घाम फुटला होता. त्यांचा बेत साधा होता. संगमरवरावरचा पडदा उडवायचा, बँड वाजवायचा आणि वाचायला उसंत न देता बाईंना जेवायला न्यायचं. त्यांनी दोरी ओढली, पडदा पडला आणि ते ओरडले, “बँड!”

“थांबा थांबा,” बाई म्हणाल्या. “माझा चष्मा कुठाय?”

“जेवण गार होतंय, हानम!”

“फसीख गारच असतो, उस्ताद.”

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं. एकदा वाचलं, मग काठीचं टोक त्या पूर्णविरामावर ठेवलं, वहीदकडे बघितलं, आणि खांदे गदगदा हलायला लागले. लोकांना वाटलं बाई रडतायत. निम्मी गर्दी रडायला लागली.

“वाक्य अर्धंच राहिलंय हो,” बाई डोळे पुसत म्हणाल्या.

“मग पुरं करा ना! तुमच्या तोंडून ऐकू द्या गावाला!” असीम बेंनी माइक त्यांच्या हातात दिला. वहीदनी वायर उपटायला झेप घेतली, पण त्यांच्या हाती आली ती बँडवाल्याच्या तुतारीची दोरी. तुतारी खाली, बँडवाला तिच्यावर, आणि वहीद बँडवाल्यावर! अशा अवस्थेत, जमिनीवरून, त्यांनी ते पूर्ण वाक्य ऐकलं. माशासकट. वासासकट.

असीम बेंचा चेहरा बिटासारखा लाल झाला. वहीदनी डोळे मिटले. डोळ्यांपुढे उंट ओळीने बसलेले दिसत होते.

आणि तेवढ्यात हाजी झगलूल हुंदका देऊन उभे राहिले.

“ऐकलंत, लोकहो? नवऱ्यापेक्षा जास्त! माझ्या माशाने बाईला नवऱ्यापेक्षा जास्त रडवलं! कफ्र जुमैझच्या फसीखने कधी एक तरी डोळा ओला केलाय?”

“कधीच नाही!” गर्दी गरजली. बायकांनी जिभा हलवून लग्नघरासारखा आनंदाचा किलकिलाट केला. बँडही सुरू झाला, तुतारी वगळून.

मग हाजींच्या डोक्यात प्रकाश पडला. ते संगमरवराकडे वळले. “मग यात मासा का नाही? माझा मासा कुणी काढला?”

सगळ्या माना वळल्या. वहीद अजून बँडवाल्यावरच होते.

“साहेब, मी गावाच्या इज्जतीसाठी...”

“इज्जत?” असीम बे कडाडले. “म्हणजे आपल्या गावाच्या वासाची तुम्हाला लाज वाटते?”

कपाळाला हात! जे लपवलं नसतं तर कौतुक झालं असतं, ते लपवलं म्हणून बोंब! वहीदवर गावाचा वास दडपल्याचा ठपका आला. बदली टळली ती बाईंनी शब्द टाकला म्हणून. हाजींच्या खर्चाने नवा संगमरवर बसला; त्यावर अख्खं वाक्य, आणि त्याखाली दुप्पट मोठ्या अक्षरांत हाजींच्या दुकानाचा पत्ता.

त्या दिवशी जेवणाच्या वेळी बाईंनी वहीदना शेजारी बसवून घेतलं. कांद्याची पात कडकडा चावत त्या म्हणाल्या, “वाईट वाटून घेऊ नका. तुमचा पूर्णविराम चांगला होता. मीच तिथे थांबायला हवं होतं.” आणि दुसरा मासा ताटात ओढून म्हणाल्या, “आता मला सगळं पहिल्यापासून सांगा बघू. काही गाळू नका.”

इतक्या दिवसांत कुणी आपुलकीने विचारलं नव्हतं. वहीदनी सगळं सांगितलं. चहाची पँट, अंगठ्याखालचा मासा, सगळं!

पुढच्या वर्षी बाईंची नवी कादंबरी आली. वहीदनी ती उघडली आणि घाईघाईने मिटली. त्यात एका छोट्या गावच्या सांस्कृतिक भवनाचा संचालक होता, आणि एक अख्खं प्रकरण तो आपटत, लोळत, घाम पुसत हिंडत होता. नाव तेवढं बदललेलं. टक्कल तेच!

“आता मी तोंड कुठे लपवू?” ते इन्शिराहजवळ रडकुंडीला आले.

“लपवायचं कशाला?” ती म्हणाली. “या गावात वाचतंय कोण?”

हे खरं होतं! वहीदचा जीव भांड्यात पडला. पुस्तक त्यांनी भवनातल्या कपाटात मागे सारलं. पहिला आठवडा ते निर्धास्त होते. दुसऱ्या आठवड्यात पुस्तक कपाटाच्या पुढच्या फळीवर आलं. मग दाराजवळच्या काचेत. मग ते प्रकरण उघडून, वर दगड ठेवून! लग्नाला येणारी माणसं त्या काचेत बघून टाय नीट करायची आणि आत जायची.

मिनयत जरवानच्या मातीतला एक माणूस साहित्यात अजरामर झाला होता, आणि मिनयत जरवानला त्याचा पत्ताच नव्हता!

शेवटी त्यांना राहवेना. पुस्तक घरी आणून त्यांनी बायकोपुढे धरलं.

“निदान तू तरी वाच गं. मी आहे यात. आणि तूही आहेस! तुझी वाक्यं बाईंनी जशीच्या तशी घेतलीत.”

इन्शिराहने हात झग्याला पुसले, पुस्तक हातात घेतलं, उलटंपालटं केलं, त्याची जाडी दोन बोटांत मोजली आणि परत दिलं.

“रमजानात टीव्हीवर याची मालिका निघाली की बघेन,” ती म्हणाली. “त्यात माझं काम कोण करणार, तेवढं बाईंना विचारून ठेवा!”