सहाव्या ओळीतले नातेवाईक

व्हर्जिनियातल्या किंग्जफर्ड काउंटीत युडोरा टॅकेट एक्क्याण्णव वर्षं राहत होत्या. तरी त्या तिथल्या आहेत की नाहीत, हा निर्णय प्रलंबित होता. तो 'आद्य वसाहतकार वंशज मंडळा'च्या हाती होता. आपला पूर्वज सन १७०० च्या आधी काउंटीत होता आणि आपण त्याचेच वंशज, हे सिद्ध केलं की मंडळ प्रमाणपत्र देई, ऑक्टोबरात भोजनाला बोलावी आणि मेल्यावर थडग्यावर पितळी फलक ठोके.

युडोराबाईंची चुलतबहीण मेबेल वीस वर्षांपूर्वी, नियम ढिले असताना, मंडळात शिरली होती. तेव्हापासून दर ऑक्टोबरात ती भोजनातलं एक हॅम-बिस्किट, म्हणजे डुकराचं मांस भरलेला छोटा पाव, कागदी रुमालात गुंडाळून आणून देई.

"चव तरी बघ, युडोरा. तुला काही आत येता येत नाही."

या वर्षीचं बिस्किट युडोराबाईंनी कुत्र्याला घातलं आणि मुलीला हाक मारली.

"लॅव्हिनिया, मला फलक हवाय. आणि मेबेलच्या आधी हवाय."

"आई, फलकासाठी आधी मरावं लागतं."

"ते मी बघते. तू कागद बघ."

लॅव्हिनियाने शाळेत चौतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं होतं. पुराव्याशिवाय तिने कधी कुणाला मार्क दिले नव्हते. त्यामुळे मंडळाचा चौथा नियम तिला मनापासून पटला: घरातल्या बायबलात लिहिलेली नावं, थडग्यावरचा मजकूर, आजीच्या गोष्टी, यांतलं काही चालणार नाही. त्या काळचं मृत्युपत्र किंवा कोर्टाची नोंदच हवी. टॅकेटांच्या घरात पिढ्यानपिढ्या सांगत आले होते की, मूळपुरुष अब्सलोम टॅकेट हा देवभोळा सज्जन होता आणि काउंटीतलं पहिलं चर्च त्याने स्वतःच्या हातांनी बांधलं. आता फक्त कागद शोधायचा होता.

कोर्टाच्या तळघरात ऑक्टेव्हियस गेन्स नावाचे काळे गृहस्थ तीस वर्षं जुन्या नोंदी सांभाळत होते. त्यांनी चर्चची हकिकत शांतपणे ऐकून घेतली.

"चर्च बांधणारा? मग तो इथे सापडणं कठीण आहे, बाई. इथे फक्त पकडले गेलेले आहेत."

तीन आठवड्यांनी अब्सलोमचा बाप सापडला. अॅम्ब्रोज टॅकेट. सन १६८३, शेजाऱ्याचं डुक्कर चोरलं. सन १६८६, प्रवचनात झोपला आणि उठवल्यावर पाद्र्याला शिव्या दिल्या. सन १६९१, त्याच शेजाऱ्याचं, बहुधा त्याच डुकराच्या वंशातलं, दुसरं डुक्कर. आणि मग १७०२ चं मृत्युपत्र: 'माझा मुलगा अब्सलोम यास एक शिलिंग, याउपर काही नाही.'

"बापाने हाकलून दिलेला दिसतोय," लॅव्हिनियाने घरी येऊन भीत भीत सांगितलं.

"हाकलून दिला म्हणजे आधी घरात होता ना!" युडोराबाईंनी टाळी वाजवली. "झालं की सिद्ध!"

दुसऱ्या दिवशी मृत्युपत्राची नक्कल देताना गेन्स म्हणाले, "यात माझीही माणसं आहेत. सहावी ओळ. पिसांची गादी आणि लाल गाय यांच्या मधे."

लॅव्हिनियाने ते मृत्युपत्र चार वेळा वाचलं होतं. तिला गादी आठवत होती, गायही आठवत होती. मधली ओळ तिने आता वाचली: 'फिलिस नावाची गुलाम बाई, थोरल्या मुलास.'

मंडळाच्या चिटणीस श्रीमती हॅलोवेल यांनी अर्ज परत पाठवला. अब्सलोम हा अॅम्ब्रोजचा मुलगा, हे मान्य. पण टॅकेट ज्याचे वंशज, तो जोसाया हा अब्सलोमचा मुलगा कशावरून?

"अब्सलोमने काही केलेलंच दिसत नाही," त्या लॅव्हिनियाला फोनवर खेदाने म्हणाल्या.

"सरळ माणूस असेल."

"सरळपणाची नोंद होत नाही ना. एखादी मारामारी बघा. अगदी चोरीच पाहिजे असं नाही, मंडळ उदार आहे."

लॅव्हिनिया पुन्हा तळघरात गेली. गेन्सनी या वेळी कपाट उघडलंच नाही. टेबलाच्या खणातून एक नक्कल काढली.

"वीस वर्षं आहे माझ्याकडे. कुणी मागतंय का, बघत होतो."

सन १७११ चा अर्ज होता. अब्सलोम टॅकेट कोर्टाला विनवत होता की, मला लग्नाच्या बायकोपासून जोसाया हा मुलगा आणि भावाच्या गुलाम फिलिसपासून डायना ही मुलगी आहे. ती मुलगी मला विकत घेऊ द्यावी. खाली कोर्टाचा शेरा: 'नामंजूर.'

"डायनापासून माझ्यापर्यंत एकही पिढी तुटलेली नाही," गेन्स म्हणाले. "आमचं घराणं कोर्टाने फार नीट लिहून ठेवलंय. जितक्यांदा विकलं, तितक्यांदा."

ही बातमी ऐकून युडोराबाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांचा चेहरा उजळला.

"म्हणजे हा मेबेलचाही भाऊ?"

"तुझा आहे तितकाच."

"मग पाठव अर्ज! त्यालाही पाठवायला सांग. आणि म्हणावं, भोजनाला मेबेलच्या शेजारीच बसायचं!"

एकाच कागदाच्या पुराव्यावर दोन अर्ज गेले: एक मायलेकींचा, एक गेन्सांचा. कार्यकारिणीत अकरा सभासद होते आणि त्यांतले सात अब्सलोमचे वंशज. सभा चार तास चालली. ठराव असा झाला: 'न्यायालयीन कागदपत्रे आपल्या पूर्वजांविषयी वारंवार अनुदार माहिती देत असल्याचे निदर्शनास आल्याने, यापुढे ती ग्राह्य धरू नयेत. घराण्यात चालत आलेली आठवण हाच पुरावा मानावा. मात्र त्या आठवणीस दोन विद्यमान सभासदांनी सही करून दुजोरा द्यावा.'

गेन्सांचा अर्ज परत आला; चर्च बांधणारा अब्सलोम त्याच आठवड्यात मंजूर झाला. एक सही हॅलोवेलबाईंनी केली, दुसरी मेबेलने, दात-ओठ खात. मायलेकींची प्रमाणपत्रं दिवाणखान्यातल्या शेकोटीवरच्या भिंतीवर शेजारी शेजारी लागली. पुढच्या ऑक्टोबरात युडोराबाईंनी मेबेलच्या समोर बसून स्वतःच्या हक्काचं बिस्किट खाल्लं. ते जरा कोरडं होतं.

नोव्हेंबरात ऑक्टेव्हियस गेन्स घरी आले. हातात नवा अर्ज होता.

"आमच्याही घरात आठवण आहे," ते म्हणाले. "माझी आजी सांगायची. दोन सभासदांच्या सह्या हव्यात, आणि दोन सभासद या घरातच आहेत, म्हणून म्हटलं..."

युडोराबाईंनी अर्ज हातात घेतला, उलटा केला, परत सुलटा केला.

"अगं लॅव्हिनिया, माझा चष्मा कुठे गेला? चष्म्याशिवाय सही कशी करू मी?"

चष्मा त्यांच्या गळ्यात दोरीला लटकत होता. तो गेन्सना दिसत होता आणि लॅव्हिनियालाही. लॅव्हिनियाच्या हातात पेन होतं, टोपण काढलेलं.

"वर असेल," ती म्हणाली. "बघून येते."

आणि ती खरोखरच जिना चढून वर गेली. दोन्ही खोल्या, कपाट, उशीखाली, सगळीकडे तिने अगदी शास्त्रशुद्ध शोध घेतला. हसू नका. जिना तुमच्याही घरात आहे.