सात गेले, किती आले?

सुंदराक्कांचं पुस्तक परत करायला गेलं, की त्या पान फाटलंय का, डाग पडलाय का, असलं काही बघत नसत. त्या चित्रांतली माणसं मोजत. अस्वलं, कोंबड्या, धुराड्यावरचा कावळा, सगळे माणसांतच धरून. "सात गेले होते. सात आले कां?" एवढं विचारत, आणि मोजून होईपर्यंत आपण मुकाट्याने उंबऱ्याबाहेर उभं राहायचं.

बँकेच्या बदलीवर मी सांगलीहून तंजावरला आलो आणि राजवाड्यामागच्या गल्लीत बिऱ्हाड केलं. अक्का समोरच राहत. बालवाडीतून निवृत्त झालेल्या बाई. घराणं मराठी राजांच्या काळापासून इथलं. मराठी माझ्या पणजीची वाटावी अशी, हेल मात्र तमिळ. घरात त्या एकट्या, आणि कपाटभर रशियन चित्रांची पुस्तकं. तिकडेच तमिळमध्ये छापलेली ही पुस्तकं पूर्वी गाडीतून स्वस्तात विकायला येत. मग तो देशच मोडला आणि पुस्तकं यायची थांबली. गल्लीत घरोघरी केबल आली.

"देश गेला," अक्का म्हणत. "मग आतली माणसं कोठे जातील? इथेच की." आणि मागे न बघता कपाटाकडे बोट करत.

पोर बघून पुस्तक देण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. जेवायला रडणाऱ्याला कोबी खाणाऱ्या बोकडाचं. धाकट्या भावाला चिमटे काढणारीला एका गोधडीतल्या दोन अस्वलांचं. अंधाराला भिणाऱ्याला घुबडाचं. "हें रात्रभर त्याजकडे बघत बसेल, तो निजेल," त्या शांतपणे म्हणाल्या. काटा माझ्या अंगावर आला. पोरगा खुशाल झोपायला लागला म्हणे.

एकदा कंपाउंडरच्या घरून आलेल्या पुस्तकात एक मुलगी कमी भरली. अक्कांनी भर दुपारी दारंखिडक्या लावून घेतल्या, का तर ती आणखी लांब जाऊ नये. शेवटी गुळाने चिकटलेली दोन पानं सापडली. ती त्यांनी इडलीच्या वाफेवर सोडवली आणि मला हाक मारली. "हात लावा. अंग गार पडलें पोरीचें." मी हसत हसत बोट टेकवलं. सगळं पान कढत होतं, तेवढी जागा गार होती. मी हसायचा थांबलो. त्या घराला पुन्हा पुस्तक मिळालं नाही. मोजणी चुकली की घर बंद, हा अक्कांचा नियम.

नवरात्रात तिकडे पायऱ्या मांडून बाहुल्यांचं कोलू बसवतात. अक्का पायऱ्यांवर पुस्तकं उघडून ठेवत. हरभऱ्याची उसळ खात बसलेल्या पोरांवर नऊ पायऱ्यांवरून डोळे रोखलेले. सगळ्यात वरच्या पायरीवर एक जागा रिकामी होती.

"कोलूत दरवर्षी एक तरी नवें यावें," अक्का म्हणाल्या. "तीन वर्षें कोणीच आलें नाही."

माझी साडेचार वर्षांची मुक्ता हे टक लावून ऐकत होती. सांगली सुटल्यापासून ती कुणाशी फारशी बोलत नसे. अक्कांनी तिला नीट न्याहाळलं आणि बर्फातल्या घराचं पुस्तक दिलं. चुलीभोवती गुडघ्याला गुडघा लावून सातजण बसलेले. मुक्ता ते उशाशी घेऊन झोपायची. मला तमिळ वाचता येत नव्हतं, म्हणून रोज चित्रं बघूनच गोष्ट रचायचो. चार दिवसांत पोरगी हसायला लागली.

दसऱ्याला मुक्ताला घेऊन पुस्तक परत नेलं. अक्कांनी मोजलं. पुन्हा मोजलं.

"सात गेले होते," त्या हळूच म्हणाल्या. "आठ आले."

मी पानावर वाकलो. चुलीजवळ एक बाई बसली होती. नऊवारी लुगडं, चष्मा, बुचडा. रंगीत खडूने काढलेली. झालं, आता मुक्ताची पुस्तकं बंद. मी तिच्यावर ओरडणार, तेवढ्यात तीच म्हणाली, "एक नवं यायला पाहिजे ना? अक्का एकट्याच बाहेर होत्या."

अक्का उंबऱ्यातच बसल्या.

"या घरात आम्ही अकरा होतों," त्या म्हणाल्या. "दिवेलागणीस सगळे घरीं आले कां तें मोजायचें माझें काम. मग एक मद्रासेस गेला, एक बंगळुरास, दोघे अमेरिकेस. गेले ते सगळे मी मोजले. मज कोणी मोजलें नाही, कण्णा, माझ्या बाळा."

मला भडभडून आलं.

त्यांनी चष्मा पुसला आणि पान माझ्यापुढे धरलं. "बघा, कसे सरकून बसलेत. जागा दिली मज."

मी बघितलं. ते चित्र मला पाठ होतं. म्हातारा आणि त्याची सून यांच्यामध्ये बोटभरही फट नव्हती. आता तिथे एक माणूस ऐसपैस बसेल एवढी जागा होती, आणि मुक्ताचा खडू कुणाच्याही अंगावरून गेला नव्हता.

अक्कांनी पुस्तक वरच्या पायरीवरच्या रिकाम्या जागी ठेवलं. मग मुक्ताला जवळ घेऊन म्हणाल्या, "आज तू मोज."

मुक्ताने मोजलं. आठ. अक्का म्हणाल्या, "बरोबर."