बद्रीनाथरावांची जाम मोटर

अकराव्या दिवशी सकाळी नळाला पाणी आलं, बद्रीनाथरावांनी देवाचं नाव घेऊन मोटरीचं बटण दाबलं आणि मोटर नुसतीच 'हूं' म्हणून जागच्या जागी बसून राहिली.

गल्लीतल्या बाकीच्या सतरा मोटरी एव्हाना जोरात घरघरत होत्या. नळाला मोटर लावून पाणी ओढणं कायद्यात बसत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण शेजारी ओढत असताना आपण ओढलं नाही तर थेंब मिळत नाही, हेही माहीत होतं. पाणी तासभरच राहायचं. उद्या नातीचं बारसं, धावड्याहून व्याह्यांकडची पन्नास माणसं येणार, आणि हौदाच्या तळाला कसंबसं दोन तांबे पाणी!

"मेकॅनिकला फोन लावा," नंदाबाई म्हणाल्या.

बद्रीनाथरावांनी बटण बंद केलं. "मेकॅनिक कशाला? अकरा दिवस बसून गंजली. आतला दांडा जाम झाला. मागून एक झटका दिला की बराबर फिरती."

बद्रीनाथरावांचं आयुष्य सहकारी सोसायटीत सचिवकी करण्यात गेलं होतं. यंत्राला कधी हातच न लावल्यामुळे, आपल्याला यंत्रातलं कळतं हा त्यांचा विश्वास अगदी शाबूत होता.

झटका द्यायचा तर मागची जाळी काढायला हवी, आणि जाळीचे तिन्ही स्क्रू गंजून मोटरीशी एकजीव झाले होते. पहिल्याच स्क्रूवर त्यांनी इतका जोर लावला, की स्क्रू जागेवर राहिला आणि त्याची खाच तेवढी गुळगुळीत झाली. आवाज ऐकून शेजारचे रामप्रसाद आले.

"रॉकेल टाका. पाच मिनिटं भिजू द्या."

"रॉकेल आता कुठून आणू?"

"मंग डिझेल. ट्रॅक्टरमधून काढून आनतो."

डिझेल आलं, मोटरीच्या अंगाखांद्यावर ओतलं. पाच मिनिटं थांबायचं होतं. दोघांनी मिळून दीड मिनिट दम धरला. मग हातोडी आली आणि जाळी तुटली. दांडा मात्र हलेना. मोटर पाइपातून सोडवून खाली घ्यावी म्हटलं, तर जोडावरचा नट दांड्याचा सख्खा भाऊ निघाला.

"कल्यान! ए कल्यान!"

कल्याण हा गल्लीचा पैलवान. त्यानं पान्ह्याच्या मुठीवर हातभर लोखंडी नळी चढवली, "जय बजरंग!" म्हणाला आणि लटकला. नट तसूभरही फिरला नाही. त्याऐवजी भिंतीतला पाइपच करकरत फिरला, आणि मोटर, नट, पान्हा, नळी असा सगळा संसार कल्याणच्या मांडीवर आला. भिंतीतून करंगळीएवढी धार सुरू झाली.

"काका, वायर!" कल्याण ओरडला. ओढाताणीत मोटरीच्या वायरीनं बटणासकट बोर्डच उपटला होता आणि त्यामागची चालू वायर तुटून ओल्या फरशीकडे उघड्या तोंडानं लोंबत होती.

"मेन स्विच पाडा!" म्हणत बद्रीनाथराव धावले. मेन स्विचची मूठही गंजून जाम! ते तिला लोंबकळले, तरी ती खाली येईना.

समोरच्या घरातले चांदपाशा म्हणजे निवृत्त लाइनमन. ते दारातूनच गरजले, "कोई हाथ मत लगाव! मी गल्लीचंच फ्यूज काढतो!" आणि पक्कड घेऊन कोपऱ्यावरच्या डीपीकडे पळाले.

क्षणात सतराच्या सतरा मोटरी गप्प झाल्या. पाठोपाठ अख्खी गल्ली रिकामी भांडी घेऊन बद्रीनाथरावांच्या अंगणात शिरली. पुढं हंडा घेऊन उषाबाई.

"कोन्या मेल्यानं लाईट घालवली? अर्धाच तास राह्यला पान्याचा!"

बद्रीनाथरावांनी हातोडी पाठीमागं लपवली. काहीतरी बोलायला ते तोंड उघडणार, तोच भिंत गुरगुरली. करंगळीएवढी धार मनगटाएवढी झाली आणि थेट उषाबाईंच्या हंड्यावर जाऊन आदळली.

"आगं माय! पानी बघा पानी!"

"आमचा हौद भरून राह्यला!" शेजारून कुणीतरी ओरडलं.

"आमच्या नळाला मोटरीबिगर पानी!"

एकच गोंधळ उडाला. हंडे, बादल्या, टिपं, जे हाताला लागेल ते लोक भरत होते. चांदपाशांनी परत येऊन तुटक्या वायरचा बंदोबस्त केला. नंदाबाईंनी पदर खोचून भिंतीच्या तोंडाला रबरी पाइप बसवला आणि वीस मिनिटांत हौद काठोकाठ भरला. गेल्या कित्येक वर्षांत गल्लीनं असा नळ पाहिला नव्हता. सगळ्यांना भलताच आनंद झाला होता.

बद्रीनाथरावांचं या कशाकडेच लक्ष नव्हतं. ते कोपऱ्यात मोटर मांडीवर घेऊन बसले होते. डिझेलची पाच मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. त्यांनी दोन बोटांनी दांडा सहज फिरवून पाहिला.

"फिरली! अगं, फिरली! मोटर फिरली!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या उत्साहात चांदपाशांनी जाऊन फ्यूज बसवला. घरोघरचे पंखे फिरू लागले आणि अंगणातली गर्दी एकमेकांना ढकलत बाहेर पळाली.

"जल्दी चला! लाईट आली, मोटर लावा!"

सतरा बटणं दाबली गेली. भिंतीतली धार पुन्हा करंगळीवर आली, मग थेंबावर, आणि मग थेंबही गेला.

बद्रीनाथरावांनी कोरड्या पाइपाकडे पाहून समाधानानं मान डोलावली. "बघितलं? मी कधीचा सांगून राह्यलो. मोटरीबिगर पानी येतच न्हाई."

नंदाबाईंनी भरलेल्या हौदावर झाकण ठेवलं आणि चांदपाशांना फाटकाजवळ हळूच गाठलं.

"चांदभाई, पुढच्या पान्याच्या दिवशी सकाळी चहाला या. अन् येताना पक्कड आना."